वैरागड्यांकडचं वाचून जेवण

अंबादास वैरागडे हे वीज मंडळातून निवृत्त झालेले, विजय नगरातल्या आपल्या घरात निवांत राहणारे आणि खाण्यावर जीव ओवाळून टाकणारे गृहस्थ. डॉक्टरांनी त्यांच्या एकेका सुखावर काट मारली. तूप बंद, साखर बंद, तळण बंद, मीठ नावापुरतं. या छाटणीतून सहीसलामत सुटला तो एकटा दुधी, ज्याला जबलपूरची मराठी माणसंही लौकीच म्हणतात.

त्यांची बायको इंदू रोज लौकी करी. सुरुवातीचे काही दिवस अंबादासराव ताटासमोर असे बसत, की कुणी गेल्याचा निरोप आलाय असं वाटावं. मग एका दुपारी ते रद्दीवाल्याकडून पिशवीभर जुनी पुस्तकं घेऊन आले. काही घरगुती स्वयंपाकाची, काही परसबागेची आणि एक अंगणात स्वतःच्या हाताने काय काय बांधता येतं याचं. संध्याकाळी ताट पुढे आलं तसं त्यांनी एक पुस्तक उघडलं, घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरू झाले.

"पुरण गरम असतानाच वाटावे." एक घास. "त्यात जायफळ किसून घालावे." दुसरा घास. पुस्तकातल्या पोळीवर तुपाची धार पडेपर्यंत ताटातली लौकी संपली होती आणि ताट लख्ख झालं होतं. इंदूने देवापुढे साखर ठेवली. बिचारीला काय माहीत!

काही दिवसांनी शेजारचे दुबेजी शिडी मागायला आले ते पाटवडीच्या रश्शापाशी अडकले. त्यांना मराठी अर्धीमुर्धीच कळायची, पण वाटण भाजण्याची जागा आली तेव्हा त्यांचे डोळे मिटले. शिडी तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी ते घरून स्वतःचा डबा घेऊन हजर. डब्यात अर्थातच लौकी. मागोमाग समोरच्या शैलजावहिनी आल्या, त्यांच्या डब्यात तोरई, म्हणजे दोडका. पुढे पुढे तर दिवाणखान्यात सतरंजी टाकावी लागली. सगळे पथ्याचे, सगळे आपापला डबा मांडीवर घेऊन बसलेले, आणि मधोमध अंबादासराव, चष्मा नाकावर.

"भाईसाहब, आज क्या है?"

"वडाभात."

"वडा तला हुआ है?"

"तला हुआ ही होता है, दुबेजी."

"तो ज़रा धीरे पढ़िए."

आता हसू नका, पण त्या बैठकीला शिस्त होती. एकादशीला फक्त परसबागेचं पुस्तक, त्यातही रताळ्याची लागवड. एकदा पान उलटलं ते कांद्याच्या रोपांवर, आणि शैलजावहिनी ताडकन उठल्या. "माझा उपास मोडला!" एकदा घाईत चुकून अंगणात बाक बांधायचं प्रकरण वाचलं गेलं. सगळे भरल्या डब्यांनिशी उपाशीच घरी गेले. अनारशांच्या दिवशी वहिनींना अॅसिडिटी झाली, तर अंबादासरावांनी त्यांना मठ्ठ्याचं अर्धं पान वाचून दाखवलं. ढेकर आली. खोटं वाटत असेल तर विजय नगरात जाऊन विचारा.

सगळे तृप्त. एकटी इंदू उपाशी, म्हणजे पोटाने नाही, मनाने.

अंबादासराव आता ताटाकडे बघतच नसत. हात आपला आपण खाली जाई, वर येई. कौतुक व्हायचं ते पुस्तकातल्या बाईचं. "बाई काय लिहितात बघ, इंदू. मोहरी तडतडू द्यावी, घाई करू नये. काय हात असेल!" त्या बाई कोण, कुठल्या, जिवंत तरी आहेत का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकाचं पहिलं पान रद्दीतच गेलेलं. आणि जन्मभर या माणसाला रांधून घालणारी बाई चार हातांवर पोळ्या लाटत बसलेली! इंदूला त्या छापील बाईचा इतका राग येई, की एकदा तिने पुस्तक झटकायच्या निमित्ताने दोनदा भिंतीवर आपटलं.

शेवटी तिने परीक्षा घेतली. एका संध्याकाळी तिने पोळी कोमट पाण्यात कुस्करली आणि तेवढीच वाढली. ना मीठ, ना जिरं. त्या दिवशी बासुंदीचं वाचन होतं. अंबादासरावांनी घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "वा! केशर काय लागलंय!"

इंदू मागच्या अंगणात जाऊन रडली. यात मीठ नाही, हे काय वाढलं, असं खेकसले असते तरी चाललं असतं. तेवढ्यासाठी तरी माणसाला चव घ्यावी लागते.

दुसऱ्या दिवशी सतरंजी भरली, डबे आले. अंबादासराव खूण घातलेलं पान शोधतात तोच इंदूने त्यांच्या हातातून पुस्तक काढून घेतलं, मिटलं आणि त्याच्यावर बसली.

"अगं, हे काय करून राहिली?"

"काही नाही. आज मी सांगून राहिले. तुम्ही जेवा."

दुबेजींचं झाकण अर्धवट उघडं राहिलं. इंदूने पदर खोचला. तिला बाईंसारखी भाषा कुठली यायला?

"सकाळी बाजारात गेली. पाच लौक्या नखानं टोचून पाहिल्या, तर भाजीवाला म्हणे, दीदी, खरीदना है कि सुई लगाना है? कोवळी होती ती सहावी. साल फेकलं नाही, भाजून चटणी केली, ती तुमच्या डाव्या हाताला आहे, पाहा. तेल चालत नाही, म्हणून जिरं कोरडंच भाजलं. ते लवकर जळते, म्हणून तिथून हलली नाही, फोन वाजला तरी. अद्रक किसून घातलं. कोथिंबीर, आपला सांबार, दांड्यांसकट घातला, दांडीलाच वास असते. मीठ कमी, म्हणून वरून लिंबू. लिंबानं मिठाची आठवण नाही येत. एवढंच."

अंबादासरावांचा घास हातातच राहिला होता. त्यांनी खाली पाहिलं. डाव्या बाजूला खरंच चटणी होती. त्यांनी घास तोंडात घातला आणि बराच वेळ चावला.

"जिरं असं रोज भाजतेस?"

"रोज."

"मग मला काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही वाचून राहिले होते ना."

दुबेजींनी आपल्या डब्यात डोकावून पाहिलं, झाकण नीट लावलं आणि उठले. "भाभीजी, हम ज़रा घर होकर आते हैं. पूछना है, इसमें क्या-क्या डला है." मग वहिनी उठल्या. त्यांची तोरई त्यांनीच केलेली, त्यामुळे विचारायला कुणी नव्हतं, पण तरी गेल्या.

दोघंच उरली. अंबादासरावांनी ताट संपवलं आणि पुढे केलं. "थोडी वाढ."

इंदू गोंधळली. पातेलं रिकामं होतं. इतक्या महिन्यांत त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितलंच नव्हतं, म्हणून ती मोजकीच करायची. तिने आपल्या वाट्याची वाटी त्यांच्या ताटात उलटी केली आणि बघत बसली.

त्यांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. कपाळाला आठी पडली.

"लिंबू जास्त झालं," ते म्हणाले.

"झालं ना?" इंदू म्हणाली, आणि तिला एकदम भरून आलं. "मलाही तसंच वाटत होतं."