भात लागेल म्हणून राहिलेली नर्मदा

अक्कांच्या अस्थी नर्मदेत सोडून मंडळी नेमावरहून परत आली, तेव्हा मी मागच्या पडवीत डाळ निवडत बसले होते. थोरले भाऊजी पाय धुता धुता सासूबाईंना सांगत होते, "काय रम्य घाट आहे, आई! काठाला जुने देऊळ, समोर एवढे थोरले पात्र... डोळे निवले अगदी." मग पंच्याने पाय पुसत म्हणाले, "बाट्या मात्र कच्च्या राहिल्या. तेव्हा तिची फार आठवण झाली."

सूप माझ्या हातात तसेच राहिले. बायकोच्या अस्थी पाण्यात सोडून ह्या गृहस्थांनी काठावर शेण्या पेटवल्या, बाट्या भाजल्या, आणि बायको आठवली ती दाताखाली कच्चे पीठ आले तेव्हा. त्या दिवशी मला जी शिसारी आली ती अजून गेलेली नाही. तोंडाने बोलणे मला जमत नाही, म्हणून लिहिते.

अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मी देवासहून लग्न होऊन धारेस ह्या घरात आले तेव्हा कोणी मोठ्याने बोलले तरी माझ्या हातातले भांडे पडायचे. अक्का मला चुलीपाशी ओढून घेत आणि म्हणत, "बैस इथे. धुरात कोणी येत नाही बघ, धूर आपला राखणदार." त्यांचे माहेर तिरल्याकडचे, सपाट शेतांतले. मी लहानपणी देवासच्या टेकडीवर मैत्रिणींबरोबर पळत जात असे, हे त्यांना फार नवल वाटे. भाकरी थापता थापता विचारीत, "वरून कसं दिसतं ग? माणसं केवढी दिसतात?" मी म्हणे, "मुंग्यांएवढी." "आणि आपण?" असे विचारून स्वतःच हसत.

आमच्या घराला मांडवगडच्या सहलीचे भारी वेड. दरबारात पाहुणे आले, सुट्टी लागली, पाऊस उघडला, की भाऊजींनी गाड्या जुंपायला सांगितल्याच. पहाटे निघायचे, तिथे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी उजाडताच परतायचे. तळी, कमानी, हिरव्या दऱ्या... आणि कड्यावरच्या उंच महालाच्या गच्चीतून नर्मदा दिसते, तिची तर घरात रोज वर्णने. अक्का प्रत्येक सहलीला असत, कारण रांधायला सोवळ्यातले माणूस लागे. सोवळ्याचा मुकटा नेसून एकदा चूल पेटवली की कोणाला शिवायचे नाही, जागा सोडायची नाही. कुत्रे शिरले, कोणाची सावली पडली, तर सगळे पुन्हा. पुरुषांची पंगत उठेपर्यंत उन्हे कलत. मग आम्ही जेवायचे, भांडी घासायची, की अंधार. म्हणून महालाच्या पायथ्याशी कितीदा तरी जाऊन अक्कांनी नर्मदा कधी पाहिली नाही. मी हाताखाली पाणी द्यायला, म्हणून मीही नाही.

वर गेलेली मंडळी काय करीत तेही सांगते. एक जण संस्कृत श्लोक म्हणे आणि बाकीचे पानाच्या पिचकाऱ्या मारीत त्या सुंदर खांबांवर. खाली येऊन तळ्याच्या पायऱ्यांवर हात धुवायचे, खळाळून चुळा भरायच्या, ढेकर द्यायचे. पत्रावळी तिथेच टाकलेल्या, त्यांवर माशा घोंगावत, आणि भाऊजी म्हणायचे, "काय निसर्ग आहे!"

एकदा कार्तिकात लवकर आटोपले. अक्का पदर खोचून पायऱ्या चढायला लागल्या, मी मागे. गाडीवान भेरू बैलांना चारा टाकीत म्हणाला, "जाओ बई, आज नरबदाजी साफ दिखे हे." आम्ही निम्म्या चढलो असू, तेवढ्यात वरून भाऊजींची हाक आली, "अहो, वर हवा गार आहे! भज्यांचा बेत होऊ द्या!" अक्का थांबल्या. वर पाहिले, खाली पाहिले. "चल ग," मला म्हणाल्या, "नर्मदा काय पळून जाते?" आणि हसल्या.

शेवटची सहल ह्या श्रावणातली. लाकडे ओली, धूर जमिनीला चिकटलेला. अक्कांना आधीच धाप लागत होती. खोकता खोकता डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. भेरूला राहवेना. लांबूनच म्हणाला, "माई, तम ऊपर जाई आओ नी. हूं कुत्ता नी आने दूं." अक्का पदराने नाक पुसून म्हणाल्या, "नहीं रे भिया, भात लागेगा मेरा." पंगतीत एका पाहुण्याने भातात धुराचा वास येतो म्हणून नाक मुरडले. भाऊजींनी अक्कांकडे असे पाहिले, जणू धूर त्यांनीच घरून बांधून आणला होता. आल्यावर अक्का अंथरुणाला लागल्या त्या उठल्या नाहीत. भेटायला येणारा जो तो म्हणे, सवाष्ण गेली, भाग्याची. नेमावरहून आल्यावर भाऊजींनी त्यावर कडी केली. "आयुष्यभर नर्मदा नर्मदा करीत होती," म्हणाले, "शेवटी मी दाखवली."

दाखवली!

नेमावरहून येऊन आठवडा झाला नाही तोच मांडवची गाडी ठरली. कशाला, तर दुःख हलके व्हावे म्हणून. "धाकटीच्या हाताची चव पाहू या," भाऊजी म्हणाले, आणि सासूबाईंनी उंच वळणीवरून काठीने अक्कांचा मुकटा काढून माझ्यापुढे टाकला. रेशमात धुराचा वास इतका मुरलेला, की नेसताना वाटले अक्का पाठीला चिकटून उभ्या आहेत.

मांडवला मी चूल पेटवली. भात वैरला. मंडळी वर गेली नव्हती, सतरंजीवर लोळत होती. मी उठले, गाडीपाशी गेले आणि तिच्यातल्या ओवळ्या सुताच्या गादीवर सगळ्यांदेखत हात ठेवला. पानदान घ्यायला आलेली इकडची स्वारी दचकली. "अहो, हे काय केलंत?"

"शिवले," मी म्हणाले. एवढाच शब्द बोलले.

सोवळे मोडले, आता चुलीपाशी कशी जाऊ? भाऊजी काही तरी ओरडले, पण भावजयीशी थेट बोलायची रीत नाही, म्हणून ते बैलांकडे पाहून ओरडले. मी पायऱ्या चढले. वर गच्चीत आले. दूर खाली मैदान, आणि त्याच्या पलीकडे नर्मदा... सुईत ओवायच्या धाग्याएवढी, चकाकणारी. वाऱ्याने मुकटा फडफडला.

मी डोळे भरून पाहिले आणि खाली आले. पुरुष चुलीभोवती उकिडवे बसून फुंकणीवरून भांडत होते. मी लांबूनच पातेल्यात डोकावले. भात लागला नव्हता. अजून तांदळात कणी होती.

एवढाच वेळ लागतो, अक्का.

मुकटा आता पुन्हा वळणीवर आहे. सासूबाईंनी दोनदा धुवून घातला, धूर जात नाही. मला तो जायला नकोच आहे.