गंज तपासणारी सून

आमची सून तेजस्विनी लगीन होऊन घरात आली, तवा तिनं देवाला हात जोडले, माझ्या पाया पडली आन् मोरीतली नवी लोखंडी बादली उलटी करून बूड बघितलं. "आत्या, ही पावसाळा काढायची नाही," म्हनली. मी म्हनलं, अगं बया, ही सून हाय का भंगारवाली!

तिचं कामच तसलं. भोसरीच्या एका वर्कशॉपात गाड्यांच्या नटबोल्टांवर मुलामा चढवत्यात, आन् तो टिकतो का हे ही बघती. एक बंद पेटी हाय म्हनं, तिच्यात मिठाच्या पान्याचं धुकं सोडत्यात. रस्त्यावर पुढं कधीतरी धरायचा गंज त्या पेटीत आधीच दिसतो. तिथं भिमाजी म्हनून एक जन व्हता. माल पास व्हावा म्हनून त्यानं पेटीतल्या बोल्टांवर गुपचूप तेलाचा हात फिरवला. हिनं आख्खं वर्कशॉप डोक्यावर घेतलं. "खोटा तुकडा तपासून कुणाचं भलं होणार?" घरी येऊन तेच भांडन माझ्याशी पुन्ना भांडली, जनू तेल मीच लावलं व्हतं.

अशी खमकी पोर, पन पयल्या खेपेला आठव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. का गेलं ते कुनालाच सांगता आलं न्हाई. दुःख तर व्हतंच, पन त्या 'का'नं तिला जास्त पोखरलं.

दुसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या दीपमाला डॉक्टरीनबाई म्हनल्या, पुढल्या आठवड्यात साखरेची तपासनी करू. ग्लुकोजचं पानी प्यायचं, मग रक्त द्यायचं. काही बायांना गरोदरपनातच साखर वाढती, वरून कळत न्हाई, आन् बाळाला सोसत न्हाई. वर त्यांनी रक्ताची एक जास्तीची नळी मागितली, त्यांच्या अभ्यासाला. साखर वाढली की अंगातला ऑक्सिजनच उलटतो आन् आतल्या पेशींना खातो म्हनं. त्याची निशानी रक्तात लवकर सापडती का, हे त्यांना शोधायचं व्हतं. झालं! आमची बाई खुर्चीत पुढं सरकली.

"म्हणजे गंजच की, मॅडम!"

डॉक्टरीनबाई हसल्या. "जवळपास तसंच."

"मग तो गंज बघूनच सांगा ना, मला साखर आहे का ते."

"ते अजून ठरलेलं नाही, आम्हीच शोधतोय. सध्या तरी निकाल साखरेच्या तपासणीवरच."

घरी येईस्तोवर हिचे प्रश्न संपंनात. माझा लेक कुलदीप वैतागला. "तेजू, एकतर डॉक्टर हो, न्हाईतर गप बस!"

पन तपासनी जवळ आली तशी ती खरंच गप झाली. भाकरी बंद, भात बंद. ताटात नुस्ती काकडी आन् ताक. मी वराडले, "दोन जिवांची बाई तू, हे काय चाललंय?" तर म्हनती, "तपासणी होऊ द्या आत्या, मग जेवते पोटभर." तवा कुठं माझ्या टकुऱ्यात उजेड पडला. साखर दिसू नये म्हनून चाललं व्हतं हे! माझा राग नाकावरच असतो.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान! भिमाजीनं तेल लावलं तवा केवढी भांडलीस. आन् आता तू सोताला काय लावतीयास गं?"

तिच्या हातातली काकडी हातातच राहिली. मग जी रडली! "मला भीती वाटते, आत्या. साखर निघाली तर? मागचं बाळही त्यानंच गेलं असेल तर?"

मलाबी भडभडून आलं. म्हनलं, "मागचं मला काय ठावं, पोरी. पन खोटा तुकडा तपासून कुनाचं भलं व्हनार? तुझंच बोलनं हाय."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या पायानं दवाखान्यात गेली आन् सगळं सांगून आली. येताना त्वांड पुन्ना प्रश्नांनी भरलेलं. उपाशी ऱ्हायलं की अंगाची साखर जिरवायची सवय सुटती, मग ग्लुकोज प्यायल्यावर साखर उलट जास्तच दिसू शकती, असं डॉक्टरीनबाईंनी सांगितलं. तीन दिवस रोजच्यावानी जेवून मगच यायचं. "गंमत बघा आत्या, तेल लावल्यावर जास्त गंज!" मी म्हनलं, गंमत गेली चुलीत, आधी भाकरी खा.

खरी तपासनी झाली आन् साखर निघाली. तिनं सरळ इचारलं, "आता काय करायचं?" जेवन बांधून दिलं, चालनं लावलं, पुढं इन्सुलिनची सुईबी आली. डोहाळजेवनात झाकलेल्या वाट्यांत पेढा-बर्फीच्या जागी मी शेंगदाने आन् फुटाने ठेवले. माझ्या जावांनी नाकं मुरडली. मुरडू देत. आन् दर खेपेला डॉक्टरीनबाईंना हिचा ठरलेला सवाल, "माझ्या नळीचं काय झालं? गंज दिसला का?" त्या म्हनायच्या, "सगळ्यांच्या नळ्या एकदम तपासणार, अजून वेळ आहे."

पोरगी झाली. थोड्या येळानं नर्सबाईनं तिच्या इवल्याशा टाचेत सुई टोचली. आईला साखर असली की बाळाचीबी बघावी लागती. पोरीनं असा टाहो फोडला! कुलदीप नर्सवर धावला, "अवो, हळू!" मी त्याचा हात धरला. मागच्या खेपेला असल्याच खोलीत आमी सगळे रडलो व्हतो, बाळ तेवढं रडलं नव्हतं.

"रडू दे," मी म्हनलं. "चांगली रडू दे तिला."

आन् खाटेवर तिची आई. डोळे उघडायची ताकद न्हाई, तरी इचारती, "किती आली?"