लिहिणाऱ्याने वर बघायचं नसतं

हिवाळी पक्षीगणनेला माणसं दोन-दोनच्या जोडीने बसतात. एक जण स्कोपला, म्हणजे तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला, डोळा लावून मोजतो आणि तोंडाने सांगत जातो, दुसरा कागदावर लिहितो. लिहिणाऱ्याने मान वर करायची नाही, असा आमच्याकडे दंडक आहे. वर बघितलं की लिहिणाराही मनातल्या मनात मोजायला लागतो, मग ऐकलेला आकडा आणि पाहिलेला आकडा यांची मिसळ होते आणि कागदावर तिसराच उतरतो. मी सात हिवाळे लिहिणारा होतो. त्यातल्या शेवटच्या दोन हिवाळ्यांत मी हा दंडक मोडला आणि कुणाला सांगितलं नाही. माझ्या त्या गप्प बसण्यात एका माणसाची नजर गेली. सगळी नाही गेली. पण गेली तेवढी परत यायची नाही.

तो माणूस म्हणजे आबा. माझे ते नात्याने कुणी नव्हेत. निफाड तालुक्यात, गोदावरीवरच्या एका बंधाऱ्याच्या फुगवट्याला लागून त्यांचं गाव आहे. पाटबंधारे खात्यात ते पाटकरी होते. पाटाला पाणी सोडायचं, बंद करायचं, कुणी रात्रीतून दार उचललं तर शिव्या द्यायच्या, अशी सगळी नोकरी पाण्याच्या कडेने सायकल हाणत झाली. पक्ष्यांची ओळख त्यातच झाली. निवृत्तीनंतर गणना करणारी मंडळी गावात आली, तेव्हा त्यांना स्कोप कसा धरायचा एवढंच शिकवावं लागलं.

मी नाशिकमध्ये मेन रोडच्या एका गल्लीत चष्म्याच्या दुकानात काम करतो. डिप्लोमा केलेला आहे, मशीनवर नंबर काढतो. आबा चष्मा करायला आले होते. पावतीवर मी त्यांचं नाव लिहिताना बघून म्हणाले, "अक्षर बारीक हाय तुझं. थंडीत हात चालतो का?" असा मी लिहिणारा झालो. नंबर काढणारा म्हणून मला ते डाक्टर म्हणायचे. मीही कधी दुरुस्त केलं नाही.

गणनेच्या दिवशी नाशिकहून पहाटे निघायचं. निफाडच्या बाजूला तेव्हा इतकी थंडी असते की द्राक्षबागांत कडेकडेने शेकोट्या पेटवलेल्या असतात आणि धूर जमिनीलाच चिकटून राहतो. आबा बांधावर कानटोपी घालून, चहाची किटली फडक्यात गुंडाळून बसलेले. मोठा थवा एकेक करून मोजता येत नाही. मनात दहा पक्ष्यांचा एक तुकडा पाडायचा आणि तो थव्यावर ठेवत ठेवत पुढे जायचं. आबांना हे जमायचं तसं कुणालाच जमायचं नाही.

"थापट्या. दहा, वीस, तीस... साठ लिही. डाक्टर, मान खाली."

"खालीच आहे, आबा."

"मला दिसतंय सगळं. लिव्ह गुमान, मंग च्या भेटंल."

सहाव्या हिवाळ्यात धुकं उशिरा हटलं. थंडीने बॉलपेन चालेना, म्हणून ते झटकताना माझी मान वर गेली. समोर उजव्या अंगाला चिखलाच्या उंचवट्यावर चक्रवाकांची रांग बसली होती. चक्रवाक म्हणजे भगव्या रंगाचं मोठं बदक, आंधळ्यालाही दिसावं असं. आंधळा हा शब्द मी आज लिहितोय, तेव्हा मनात आला नव्हता. आबांचा स्कोप त्यांच्यावरून सरकला आणि पुढे गेला.

"आबा, चक्रवाक?" मी विचारलं.

"लिही की, चार."

मला वाटलं, थट्टा करतायत. गळ्यात माझी जुनी दुर्बीण होती. ती डोळ्यांना लावून मी मोजले. चौतीस. तेवढ्यात आबांनी स्कोपवरून डोकं वर काढलं. मी त्यांच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर, दुर्बीण डोळ्यांना लावून उभा. चोरी करताना सापडल्यासारखा थिजलोच. आता शिवी येणार. आबा समोर पाण्याकडे बघत म्हणाले, "धुकं हटलं, बरं झालं." आणि पुन्हा स्कोपला वाकले.

त्यांनी मला पाहिलंच नव्हतं.

थोड्या वेळाने आमच्या बाजूने एक भोवत्या पाण्यावरून खालून खालून गेला. तो शिकारी पक्षी दिसला की बदकं उठतात, तशी ती उठली. आबा गोंधळले. "कशानं उठली रं?" असं विचारणारे आबा मी पहिल्यांदा बघत होतो. एरवी तो भोवत्या नर की मादी हेसुद्धा त्यांनी सांगितलं असतं.

मी कागदावर चौतीस लिहिलं. पुढे ते जे जे सांगत गेले, ते मी आधी दुर्बिणीतून बघून घेत गेलो आणि माझा आकडा लिहीत गेलो.

इथे मला जे सांगायचं आहे ते असं, की काय झालंय हे मला त्याच सकाळी कळलं होतं. समोरचं स्वच्छ दिसतं आणि कडेचं दिसत नाही, आणि दिसत नाही हे त्या माणसालाही कळत नाही. काचबिंदू. शिकलोय मी ते. परीक्षेला आलं होतं. त्याच दिवाळीत आबा दुकानात येऊन गेले होते. तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी घडाघडा वाचली आणि मी म्हणालो होतो, "आबा, तुमची नजर विशीतल्या पोराची आहे." तक्ता समोर असतो. कडेला काय दिसतं ते तक्ता विचारत नाही, आणि मीही विचारलं नव्हतं. डोळ्यांतला दाब तपासणं माझं कामच नव्हे, ते डॉक्टरांचं. पण सत्तरीच्या माणसाला "एकदा डॉक्टरांनाही दाखवून घ्या" म्हणायला काय लागतं?

खरं सांगायचं तर, आता बोललो असतो तर आधी माझं चुकलेलं उघडं पडलं असतं. मी स्वतःला मात्र वेगळं समजावलं. म्हटलं, स्कोप सुटला तर म्हातारा खचेल. वर्षभर ते या एका सकाळसाठी जगतात, ती आपण कशाला हिरावून घ्यायची. हे खोटं नव्हतं. आबांची मला माया होती. पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती आणि ती मी कधीच कुणाला सांगितलेली नाही. गणना संपल्यावर सगळे झाडाखाली पोहे खायला जमायचे, तिथे आकडे वाचले जायचे आणि दरवेळी कुणीतरी म्हणायचं, "आबांची नजर म्हणजे नजर!" त्या वर्षी ते ऐकताना मला गुदगुल्या झाल्या. ती नजर माझी होती. मान खाली घालून पाच वर्षं लिहिल्यावर पहिल्यांदा मी मोजलेलं कौतुकाचं ठरलं होतं, भले दुसऱ्याच्या नावाने.

पुढच्या हिवाळ्यात आबा बांधावर दोनदा ठेचकाळले. एका बाभळीची फांदी कानशिलावर बसली. "ही बाई वाटंतच उभी ऱ्हाती," म्हणून हसले. मी धीर केला.

"आबा, एकदा डोळे डॉक्टरांना दाखवू या."

"तूच तर डाक्टर. तूच म्हनला ना, विशीतल्या पोराची हाय म्हनून?"

तेव्हा एक वाक्य पुरलं असतं. मी पूर्ण तपासलं नव्हतं, आबा. एवढंच. मी हसलो. त्या हसण्यावर एक पूर्ण वर्ष गेलं.

मागच्या हिवाळ्यात नांदगावला भाचीचं लग्न आलं आणि मला गणनेला जाता आलं नाही. आबांच्या जोडीला कॉलेजात शिकणारी एक मुलगी दिली गेली. तिचं पहिलंच वर्ष. दुपारी मंडपात असतानाच आबांचा फोन आला.

"डाक्टर, तू नव्हता, सगळा घोळ केला. त्या पोरीनं निम्मंच लिवलं."

"निम्मं म्हणजे?"

"म्हंजे माझ्या पाण्यावर पक्षी निम्मं! पोह्याच्या टायमाला वाचलं तर लोकं हसाया लागली. एक जन म्हनतो, आबा, स्कोपचं झाकन काढलं व्हतं का? मी सांगितलं सगळ्यांम्होरं, पोरीला ऐकू येत नसंल न् काय. रडली जरा. पन चूक ती चूक."

मी "हो, हो" म्हणत राहिलो. वरात निघत होती, कुणीतरी मला फेटा बांधायला ओढत होतं. त्या मुलीने फक्त ऐकलेलं लिहिलं होतं. दोन वर्षं जे मी करायला हवं होतं ते तिने एका सकाळी केलं, आणि सगळ्यांसमोर खोटी पडली.

दोन दिवसांनी आबांना मी नाशिकला बोलावून घेतलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. कारण सांगितलं नाही. नुसतं "चला" म्हटलं. तिथे एका मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं असतं. आत इकडे तिकडे बारीक दिवे लागतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी दाराशी उभा होतो. मशीन टिकटिकत होतं आणि आबा अंगठा बटणावर ठेवून अगदी इमानदारीने दिवा लागायची वाट बघत होते. मला बाहेर जावंसं वाटलं, पण थांबलो.

कागद आला. मध्ये दिसतं तेवढा थोडा पांढरा, भोवती सगळा काळा. डॉक्टरीण बाई नीट बोलल्या. "बाबा, गेलेलं परत येत नाही. उरलेलं थेंबांनी राखता येईल. रोज, न चुकता. दोन वर्षं आधी यायला हवं होतं."

आम्ही खालच्या कँटीनमध्ये चहा घेतला. आबांनी कप समोर ठेवला. मग म्हणाले, "म्हंजे त्या पोरीनं बरोबर लिवलं व्हतं."

"हो."

"मंग आधीच्या सालांना आकडा कसा भरला?" आणि माझ्याकडे न बघताच त्यांनी मला वाटही काढून दिली. "तवा दिसत असंल मला. ह्याच साली गेली असंल."

हो म्हणायचं होतं फक्त. इतक्या सरळ मनाने दिलेली वाट होती ती. मी कपाच्या कानात बोट अडकवून बसलो आणि म्हणालो, "नाही, आबा. दोन वर्षं तुमचं ऐकून मी लिहिलंच नाही. मी बघून लिहिलं. तुम्हाला कडेचं दिसत नाही हे मला पहिल्याच सकाळी कळलं होतं. दुकानात मी पूर्ण तपासलं नव्हतं, म्हणून बोललो नाही."

चहावर साय धरली. शेजारच्या टेबलावर कुणीतरी डोळ्याला पट्टी बांधून इडली खात होतं.

"समदं मोजून लिवलंस?" आबांनी विचारलं.

"बरंचसं."

"बाकीचं?"

"अंदाजाने."

"माझ्या नावावर, अंदाजानं."

मला मान वर करता आली नाही. वाटलं, आता उठून जातील, किंवा कप फेकतील. मला ते चाललं असतं. आबांनी खिशातून मोबाइल काढून माझ्यापुढे सरकवला. "डोळ्याचं मागून बघू. आधी पोरीला लाव."

मी गणनेच्या यादीतून नंबर शोधून लावून दिला. आबा खुर्चीत ताठ बसून, अधिकाऱ्याशी बोलावं तसे मोठ्याने बोलले. "पोरी, मी तो पाटकरी. तू बरोबर लिवलं व्हतं. मलाच दिसत नाय, आताच दवाखान्यातनं कळलं. सगळ्यांम्होरं बोललो, ते चुकलं माझं... नाय नाय, तू कशापायी सॉरी म्हनती? थांब. हितं एक जन हाय, त्याला बोलायचंय." आणि फोन माझ्या हातात दिला.

मी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, ते दोन वर्षांचे कागद मी गणनेच्या सरांना सांगून बाजूला काढायला लावते. पण आबांना आधी का नाही सांगितलं तुम्ही?" याचं उत्तर मी वर लिहिलं तेवढंच आहे.

तेव्हापासून दर तीन महिन्यांनी मी आबांना तपासणीला नेतो. एसटीने ते येतात, स्टँडवरून मी घेतो. पहिले दोन फेरे ते माझ्याशी कामापुरतं बोलले. थेंब किती वाजता, पुढची तारीख कुठली, एवढंच. त्यांच्या सूनबाईंनी मला एकदा फोन करून विचारलं, "मामंजी तुमच्यावर रागावलेत का हो?" मी म्हटलं, "हो." त्या म्हणाल्या, "मग येतात कसे तुमच्यासोबत?"

गेल्या आठवड्यातला कागद पहिल्यासारखाच निघाला. मधला पांढरा तुकडा तेवढाच राहिलाय, कमी झालेला नाही. डॉक्टरीण बाईंनी आबांचं अभिनंदन केलं. बाहेर पडताना आबा दारात थांबले.

"बरं निघालं म्हनून तू सुटला, असं नाय."

"नाही, आबा."

"सांगून ठिवलं."

पुढे दवाखान्याच्या पायऱ्या होत्या. मी शेजारून हात पुढे केला. आबा तसेच उभे, वाट बघत. हात कडेला होता, त्यांना तो दिसणार नव्हता, हे माझ्या जरा उशिरा लक्षात आलं. मी दोन पायऱ्या खाली उतरून त्यांच्या अगदी समोर उभा राहिलो आणि हात छातीच्या उंचीला धरला. त्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि हात धरून एकेक पायरी उतरायला लागले.