ओट्यावर बसवलेली बहीण

अंबुबाईंच्या लेकीच्या, वेणीच्या साखरपुड्याला हुणसूरची मुलाकडची मंडळी नुकतीच सतरंजीवर टेकली होती, तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि फुलाफुलांचा फ्रॉक घातलेली, पिकल्या केसांची एक गोरी बाई उतरली. अंबुबाईंच्या हातातलं पेढ्यांचं ताट कललं. चोवीस वर्षांनी दिसत होती, तरी चाल ओळखली. ती ज्युदीत होती, त्यांची धाकटी बहीण.

अंबुबाई मूळच्या पोर्तुगालच्या, हे घरात सासूशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. जन्माचं नाव ओलिंदा. वडील पणजीच्या कस्टममध्ये साहेब होते, त्यामुळे लहानपणीच बोटीनं गोव्याला आलेल्या. गोवा भारतात आला तेव्हा आईवडील ज्युदीतला घेऊन परत गेले. ओलिंदा नर्सिंगची परीक्षा देऊन मागून जाणार होती. घरी तार करायला ती तारऑफिसात जाई. तिथं म्हैसूरहून बदलून आलेले नागोजीराव भेटले. परीक्षा झाली, लग्नही झालं, बोट तेवढी राहिली.

नागोजीरावांचं घराणं म्हैसूरच्या जुन्या फौजेतलं. सासू गिरिजाबाईंनी सुनेचे घारे डोळे पाहिले आणि गल्लीला सांगून टाकलं, "गोव्याची आहे, आपल्यातलीच. पाठीमागं कुणी नाही." मग आत येऊन सुनेला म्हणाल्या, "आता हेच खरं. सुम्ने, उगीच कुणापाशी तोंड उघडू नको."

म्हैसूरला आल्यावर ओलिंदाची अंबुबाई झाली. लुगडं नेसायला शिकली, कन्नडमिश्रित मराठी तिच्या तोंडी बसली. नागोजीराव लवकर गेले. देवराज मोहल्ल्यातल्या दुकानांचे ब्लाऊज शिवून अंबुबाईंनी घर ओढलं, दिरांची शिक्षणं केली, लग्नं लावली. आता त्यांच्या शब्दाशिवाय घरात पान हलत नसे.

"ओलिंदा?" ज्युदीत उंबऱ्यापाशी हळूच म्हणाली.

नवऱ्यामुलाचे वडील शंभूराव वळून बघू लागले. "कोण हो या?"

अंबुबाईंनी सासूकडे पाहिलं. म्हाताऱ्या गिरिजाबाईंनी डोळे खाली घातले. आता काय ते अंबुबाईंनीच बोलायचं होतं.

"त्या होय? मडम आहेत एक," अंबुबाई म्हणाल्या. "पूर्वी मी त्यांचे कपडे शिवायची." आणि दिराला म्हणाल्या, "सयाजी, बाहेर ओट्यावर खुर्ची टाक. त्यांचं पान तिथंच वाढू."

बोलून गेल्यावर त्यांना आठवलं. पणजीत ज्युदीत दिवसभर मोलकरणीच्या मागं कोकणी बडबडत फिरायची. तिला शब्द न् शब्द कळला असणार.

ज्युदीत ओट्यावर बसून चित्रान्नाचा भात, पुरणाचं ओब्बट्टू हातानं नीट जेवली. अंबुबाई आत पंगतीला आग्रह करत होत्या. बाहेर वाढायला त्यांनी धाकट्या जावेला पाठवलं. एकदाही दाराकडे गेल्या नाहीत.

जेवणं आटोपल्यावर ज्युदीत आत आली आणि पर्समधून सोन्याची साखळी काढून तिनं वेणीच्या गळ्यात घातली. ती आईची साखळी होती. आई असेपर्यंत ती कधीच गळ्यातून उतरली नसती. आई गेल्याचं अंबुबाईंना असं भरल्या घरात कळलं, आणि रडायची सोय नव्हती.

"मडम दिलदार दिसतात," शंभूरावांच्या पत्नी भवानीबाई म्हणाल्या.

ज्युदीतनं अंबुबाईंना हात जोडले. "वता हांव, बाई. तुमचें बरें जांव." असा कोकणीत निरोप घेऊन ती गेली.

पाहुणे परतल्यावर वेणी स्वयंपाकघरात आली. "अम्मा, शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मुलीला कुणी असं सोनं देतं का? कोण होत्या त्या?"

अंबुबाईंनी सगळं सांगितलं. वेणी ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी होती. आणि तू तिला बाहेर जेवायला घातलंस."

सकाळी दोघी स्टेशनजवळची लॉज धुंडाळत फिरल्या. एका लॉजच्या मॅनेजरनं सांगितलं, मडम पहिल्या गाडीनं बेंगळूरला गेल्या.

"हुणसूरला खरं सांग," वेणी म्हणाली. "खोट्यावर मी नांदायला जाणार नाही."

अंबुबाई एकट्याच बसनं हुणसूरला गेल्या आणि मान खाली घालून बोलल्या. शंभूरावांनी ऐकून घेतलं. "एवढंच ना?" ते म्हणाले. "अहो, तेव्हाच सांगितलं असतंत तर विहीणबाईंच्या बहिणीला माझ्या शेजारी जेवायला बसवलं असतं!" ते समजूत घालत होते. अंबुबाईंना वाटलं, यापेक्षा लग्न मोडलं असतं तर परवडलं असतं.

लग्न थाटात झालं. पुढं, पणजीच्या ज्या जुन्या शेजाऱ्यांनी ज्युदीतला म्हैसूरचा पत्ता दिला होता, त्यांच्याकडूनच वेणीनं मावशीचा ठावठिकाणा काढला. नाताळच्या सुमारास फोन होऊ लागले. वेणीशी ज्युदीत मोडक्या कोकणीत तासभर खिदळायची. मग रिसीव्हर अंबुबाईंकडे येई आणि पोर्तुगीजमधून, परक्या बाईला विचारावं तसं, ज्युदीत विचारी, "तुम्ही कशा आहात?"

एका वर्षी अंबुबाईंना राहवलं नाही. "ज्युदीत, मला तू म्हण ना गं."



"तुमच्या गुडघ्यांची काळजी घ्या," ज्युदीत म्हणाली. "वेणीला द्या जरा."

अंबुबाईंनी रिसीव्हर लेकीच्या हातात दिला.