डोंग्याच्या तळाचे पाच थर

समस्त मानवजातीच्या माहितीसाठी अत्यंत गंभीरपणे जाहीर करतो, की रेझिनचा उग्र वास आला की मी अजूनही बोटे मोजू लागतो. वीसेक वर्षांपूर्वी चोरखमाऱ्याच्या तलावावर एका म्हाताऱ्या ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या, डोंग्याचा, त्या लाकडी होडीचा, तळ सडला होता. दुसऱ्या दिवशी सोसायटीची मासेमारी सुरू होणार होती, आणि ज्याचा डोंगा नाही त्याला वाटा नाही. मी ऐटीत फायबरचा तळ करून द्यायचे कबूल केले. दोन चौरस मीटरच्या एका थराला नऊशे ग्रॅम काचेची मॅट, म्हणून पाच थरांना साडेचार किलो. मॅट भिजवून घट्ट करणारे रेझिन मॅटच्या अडीचपट, म्हणून सव्वादोन किलो. "एवढ्यानं होते का गा?" म्हाताऱ्याने विचारले. "हिशेब पक्का आहे, काकाजी!" मी म्हणालो. पहिला थर भिजला आणि डबा संपला. रेझिन मी एकाच थराचे मोजले होते! चार थर उन्हात कोरडे पडले होते आणि आणखी रेझिन आणायला जावे तर गोंदियाची शेवटची बस निघून गेली होती. मला ना लाज वाटली ना भीती. ब्रश धरून मी नुसता उभा राहिलो. त्या बधिरपणाचे आजही नवल वाटते. म्हातारा रिकाम्या डब्यात वाकून पाहत एकदम बोलला, "बाकीचे चार थर डोंगा बुडल्यावर लावशीन का गा?"