व्हिनेगरची आई शहरात

आर्लेत विदालँकला गावात कुणी कधी घाईत पाहिलेलं नव्हतं. गाय अडली तरी ती आधी बाह्या नीट दुमडायची आणि मगच गोठ्यात शिरायची. त्यामुळे म्युराच्या स्टेशनावर, गाडी यायला पुष्कळ अवकाश असताना, ती टोपली छातीशी धरून फलाटाच्या अगदी कडेला उभी राहिली तेव्हा तिला सोडायला आलेल्या बातिस्तला हसू आवरेना.

"बाकावर बस की जरा. गाडी थांबते इथं, पळून नाही जात."

"बसले तर उठवणार कोण? तू?" गुडघ्यावर थाप मारत आर्लेत म्हणाली.

या गुडघ्यानंच तर सगळं घडवून आणलं होतं. लागोपाठ दोन हिवाळे बर्फातून लाकडं आणताना ती घसरली, आणि लियाँला राहणाऱ्या तिच्या लेकीनं, कोरिननं, मग तिचं काही चालू दिलं नाही. स्वतःच्याच इमारतीत एक मजला खाली दोन खोल्या रिकाम्या झाल्याबरोबर तिनं त्या आईसाठी घेऊन टाकल्या. घर आणि गाई पुतण्याकडे गेल्या, पलंग-कपाट टेम्पोतून पुढे गेलं. आर्लेतनं हूं की चूं केलं नाही. "माडीवरची माझी खोली तेवढी ईस्टरपर्यंत तशीच ठेवा," एवढंच म्हणाली. का, ते कुणी विचारलं नाही. बातिस्तला विचारायची गरजच नव्हती.

टोपलीत बरणी होती. जाड भाजक्या मातीची, खाली लाकडी तोटी असलेली. आत लाल वाइनचं व्हिनेगर आणि त्यावर तरंगणारी जाड, लिबलिबीत साय. ही साय म्हणजे व्हिनेगरची आई. ती असली तर वाइनचं व्हिनेगर होतं, नसली तर नुसती नासते. आई विकत आणायची नसते, कुणीतरी द्यावी लागते. आर्लेतला ती सासूनं दिली होती, तीही लग्न होताच नव्हे. सुनेच्या हातचा ससा खाऊन, बोटं चाटून झाल्यावर. आणि या आईला खाऊ घालायचं ते उरलेलं. रविवारची जेवणं उरकली की आर्लेत टेबलाभोवती फिरायची आणि ज्याच्या त्याच्या पेल्यात तळाशी राहिलेली वाइन बरणीत ओतायची. सगळ्यांच्या पेल्यात काही ना काही राहायचंच. राहायचं नाही ते बातिस्तच्या. शेजारचा हा म्हातारा, तिच्या नवऱ्याचा जुना दोस्त, नवरा गेल्यावरही दर रविवारी न चुकता जेवायला यायचा; पण पेला असा निपटून ठेवायचा की धुवावा की तसाच फडताळात ठेवावा असा प्रश्न पडावा.

"इतकी वर्षं जेवतोस, माझ्या बरणीला एक थेंब दिला नाहीस," ती म्हणायची.

"वाइन टाकणाऱ्याला देव विचारतो," तो म्हणायचा.

आता फलाटावर त्यानं टोपलीवरचं फडकं जरासं उचलून आत पाहिलं. "शहरात नाही जगायची ही. हिला तळघराचा गारवा लागतो. तिथं चौथ्या मजल्यावर काय मिळणार, धूर?"

"जगली तर?"

"जगली तर मी स्वतः येऊन तुझं सलाड खाईन. गाडीत बसून." सैन्यातून सुटून आल्यापासून बातिस्त गाडीत बसला नव्हता. "आणि मेली तर तू मुकाट्यानं परत यायचं. खोली आहेच."

"ठरलं."

लेकीनं काय ठरवलंय ते लेकीपाशी. आर्लेतनं राहायचं की परतायचं, हा निवाडा बरणीवर सोपवून टाकला होता, आणि त्यामुळे तिला मोठं हलकं वाटत होतं.

कोरिननं फोनवर बजावलं होतं, "झाकण घट्ट लाव गं आई, डब्यात वास सुटेल." पण बरणीतल्या आईला हवा लागते. म्हणून वर नुसतं फडकं. क्लेरमाँला गाडी बदलेपर्यंत सगळं सुरळीत झालं. पुढच्या गाडीत हीटर चांगला तापला आणि बोळांत, बाकांत, लोकांच्या नाकांत व्हिनेगर भरलं. तिकीट तपासनीस दारातच थबकला.

"मादाम, इथं काहीतरी आंबलंय."

"आंबायलाच हवं ना. जिवंत आहे ते."

"जिवंत?" त्यानं टोपलीकडे संशयानं पाहिलं. "जनावर असेल तर वेगळं तिकीट लागतं. पिंजरा हवा. चावत नाही ना?"

"जिभेला चावते. कुत्र्याचं काढू का मांजराचं?"

समोरच्या बाकावर एक तरुण बाई डब्यातली उकडलेली मसूर कोरडीच चघळत होती. ती फिसकन हसली. आर्लेतनं तिच्याकडे, मग तिच्या डब्याकडे पाहिलं, आणि तिचं मन कळवळलं. "अगं बाळा, असं कुणी खातं का? आण इकडे." तोटी फिरली, मसुरीवर लालसर धार पडली. एक घास खाऊन बाईनं डबा पुन्हा पुढे केला; मग पाठमोऱ्या बाकावरचे आजोबा बीट घेऊन आले. परतीच्या फेरीला तपासनीस आला तो टोपी काखेत मारून आणि टोमॅटोचं सँडविच उघडून. तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही.

लियाँमध्ये मात्र दिवस जड गेले. जागा छान होती. उंच छत, मोठ्या खिडक्या, खाली बेकरी. लिफ्ट होती, त्यामुळे गुडघा खूश होता. पण कोरिन संध्याकाळी थकून यायची, सूप प्यायची, सोबत पाणी. रविवारीही मायलेकी दोघीच. आर्लेत जेवताना एक पेला घ्यायची आणि तळाशी थोडी ठेवायची. पण दोन बोटं वाइनवर बरणीभर आई कशी जगणार? महिन्याभरातच साय पातळ झाली, कडेनं सुटली, एका बाजूनं बुडायला लागली.

"अगं, मग एक बाटली आणून ओत की," कोरिन म्हणाली.

"हिला उरलेली लागते. मुद्दाम आणून ओतलेली उरलेली कशी होईल? माणसं जेवली म्हणजे उरतं."

कोरिननं कपाळाला हात लावला. फोनवर बातिस्त मात्र खुशीत होता. "काय म्हणते आमची शहरवाली? खोली झाडून ठेवू का?"

"झाडूला हात लावलास तर बघ," आर्लेत म्हणाली. पण त्या संध्याकाळी तिनं बरणीवरचं फडकं उचललंच नाही. बघायला धीर होईना.

दुसऱ्या दिवशी दारावर टकटक झाली. तिसऱ्या मजल्यावरचे थेवने, शाळेतून निवृत्त झालेले संगीतशिक्षक, गळ्यात मफलर आणि चेहऱ्यावर तक्रार घेऊन उभे होते.

"माफ करा मादाम, पण जिन्यात वास येतो. मला वाटलं माझीच वाइन नासली. अर्धी बाटली मोरीत ओतून आलो."

आर्लेतनं दाराची चौकट धरली. "मोरीत?"

"मग काय करणार? एकटा माणूस. बाटली उघडली की अर्धी राहते. दर आठवड्याला ओततो."

"दर आठवड्याला," आर्लेत हळूच म्हणाली. तिनं त्यांना हाताला धरून आत ओढलं आणि बरणी दाखवली. थेवने चष्मा वर करून बराच वेळ वाकून बघत राहिले. तक्रार करायला आलेला हा माणूस कॉफी पिऊन गेला आणि संध्याकाळी उरलेली वाइन घेऊन परत आला.

मग काय विचारता. इमारतीत अशी एकटीदुकटी माणसं बरीच होती, आणि जिन्यात बातमी लिफ्टपेक्षा लवकर चढते. दाराच्या मुठीला बाटल्या लटकायला लागल्या. कुणी पांढरी आणली तर आर्लेत परत पाठवायची, "हिचं पोट बिघडेल" म्हणून. आठवडाभर हे चाललं आणि मग तिचं तिलाच खटकलं. हे तर भिकेसारखं झालं, माणूस कुठं आहे यात? तिनं लिफ्टमध्ये कागद चिकटवला: रविवारी माझ्याकडे जेवा, वाइन आपली आणा, तळाशी थोडी ठेवा.

पहिल्या रविवारी चौघं आली, पुढच्या रविवारी खुर्च्या वरून कोरिनच्या घरातून आणाव्या लागल्या. कोरिननं स्वतः पेला पुढे केला आणि आईकडे न बघता तळाशी थोडी ठेवली. नाताळपर्यंत साय पुन्हा जाड, गुळगुळीत झाली. शेवटी थेवन्यांनी स्वतःच्या बरणीसाठी सायीचा एक तुकडा मागितला. आर्लेतनं दिला, पण आधी त्यांच्या हातचं ऑम्लेट चाखून.

ईस्टरला बातिस्त आला. अंत्यविधीला घालायचा काळा सूट, काखेत गावाकडच्या कांताल चीजचा मोठा तुकडा, आणि गाडीत खिडकीची जागा मिळाली नाही म्हणून राग. टेबलाशी सगळी इमारत बसली होती. त्यानं सलाड ताटलीत घेतलं, वास घेतला, चावलं. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"पाणचट आहे," बातिस्त म्हणाला, आणि पावाच्या तुकड्यानं ताटली लख्ख पुसून काढली.

"अहो, मग आमच्या वाटचं तरी ठेवा," थेवने म्हणाले. त्यानं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, सलाडचं भांडंच पुढे ओढलं.

जेवणं झाली. आर्लेत उठली आणि टेबलाभोवती फिरून पेले रिते करू लागली. बातिस्तपाशी आली तशी सवयीनं पुढे निघाली.

"ए. थांब."

त्याच्या पेल्यात दोन बोटं वाइन होती.

"पोट भरलं," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "वय झालं आता."

आर्लेतनं पेला उचलला, बरणीवरचं फडकं बाजूला केलं आणि सायीला धक्का लागू नये म्हणून कडेकडेनं, अगदी हळू, शेवटचा थेंब पडेपर्यंत ओतला. मग पेला त्याच्यापुढे ठेवत म्हणाली,

"पुतण्याला सांग, माडीवरच्या खोलीत हॅम टांगायला हरकत नाही. गार असते ती."

"सांगतो," बातिस्त म्हणाला, आणि पावाचा आणखी एक तुकडा मोडून त्यानं त्या पाणचट सलाडच्या भांड्यात फिरवला.