गोदावरीत ओरडलेलं यंत्र

आमच्या घरात कोणतीही वस्तू घ्यायची तर ती मीच निवडते, आणि माझ्या निवडीबद्दल आजवर एकही तक्रार माझ्या कानावर आलेली नाही. (ऐकायला मी थांबत नाही, ही गोष्ट वेगळी!) कूलर माझा, मिक्सर माझा, धाकट्या नणंदेचा नवरासुद्धा माझ्याच पसंतीचा! त्यामुळे पाण्याखालचा धातू शोधायचं यंत्र आणायची वेळ आली, तेव्हा सगळं घर माझ्याकडेच बघायला लागलं.

वेळ आणली मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. रोज सकाळी ते गंगाखेडच्या घाटावर आंघोळीला जातात. त्या दिवशी डुबकी मारून वर आले, तर गळ्यातला दोरा तुटलेला आणि चांदीची डबी गायब! आम्ही लिंगायत. त्या डबीत त्यांचं इष्टलिंग. ते तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय मामंजी पाण्याचा घोटसुद्धा घेत नाहीत. त्यात साखरेचा आजार, म्हणजे पोटात अन्न नाही तर गोळी नाही.

"मठातले स्वामी दुसरं देतील की," आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"पाळण्यात असल्यापासून गळ्यात हाय ते. मातीतबी माझ्यासंगंच जायचंय. दुसरं न्हाई!"

मामंजी घाटाच्या पायरीवर मांडी घालून बसले ते बसलेच. त्यांचा सुकलेला चेहरा बघून माझा जीव तुटत होता. यांनी (माझ्या यजमानांनी) मांडीभर पाण्यात गाळ चाचपून चाचपून एक चप्पल वर काढली. तीही एकाच पायाची. मग मला मोबाईलवरचा तो व्हिडिओ आठवला, ज्यात लोक समुद्रात यंत्र फिरवून खजिना काढतात. मी यांना ओल्या कपड्यांनीच गाडीवर बसवलं आणि आम्ही परभणी गाठली.

तिथे अशी यंत्रं ठेवणारं एक दुकान आहे. दुकानदार भाई मोठा सज्जन माणूस.

"भाभी, हे घ्या. शांत मशीन हाय. लोखंडाला गप बसतं, सोन्याचांदीलाच बोलतं."

"आन् बोललंच न्हाई तर?"

"मतलब तिथं चांदी न्हाई."

"का मशीनच बंद पडलंय? कळायचं कसं?"

भाई विचारात पडला. मला मात्र विचार करायची सवयच नाही, मी थेट मुद्द्यावर येते. कुकर घेतानासुद्धा मी शिट्टी बघते. चार घरं ओलांडून ऐकू गेली तर कुकर चांगला!

"सगळ्यात मोठ्यानं वरडणारं कोणतं?"

"हे. पण हे कशालाबी वरडतं, भाभी. खिळ्याला, नाण्याला..."

"मग कामसू हाय. हेच द्या!"

"अगं, भाई काय सांगायलेत ते ऐक तरी," हे पुटपुटले.

"तुमी गाडी चालू करा."

उन्हं कलायच्या आत आम्ही घाटावर परतलो. यंत्र मी निवडलेलं, तर चालवणारही मीच! पदर खोचून पाण्यात उतरले, यंत्राचा गोल तळाशी नेला, आणि ते असं किंचाळलं की पलीकडच्या काठावरची म्हैस उठून उभी राहिली. मी अभिमानानं मामंजींकडे पाहिलं. हे खाली बुडले आणि नाणं घेऊन वर आले. पुन्हा किंचाळी, पुन्हा नाणं. गोदामाईला पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी वाहिलेली नाणी! काठावर ही गर्दी जमली. घाटाखाली राजाचा हंडा निघाला, अशी आवई उठायला वेळ लागला नाही.

मग मात्र यंत्राला जोर चढला. मी डावीकडे गेले, ते ओरडलं. उजवीकडे गेले, तिकडेही ओरडलं. जाईन तिथे चांदी!

"इथंच हाय! बुडा!" मी ओरडायचे. हे बुडायचे, रिकाम्या हातानं वर यायचे. शेवटी त्यांनी खाली काहीतरी गच्च पकडलं. तो माझा अंगठा होता.

"अगं, ही तुझी जोडवी हायेत!" हे धापा टाकत म्हणाले. "मघापासून तुझ्याच पायाला वरडायलंय ते! काढ आधी!"

"नवरा जिता असताना जोडवी काढू?"

"जिता हाय तवरच काढ! आजून एक बुडी मारली तर तसंबी काढावंच लागंल!"

काठावरून आत्याबाई कडाडल्या, "जीभ झडो तुझी! सूनबाई, काढू नको गं!"

सासूचा शब्द मी कधी मोडत नाही (सोयीचा असला तर मुळीच नाही). मी पाय रोवून उभी राहिले. यंत्र माझ्या जोडव्यांना बघून किंचाळत राहिलं, आणि हे चिडून माझी जोडवी स्वतःच उपटायला खाली बुडले. त्यांनी माझा पाय उचलला. पायाखालच्या गाळातून त्यांच्या हाताला लागली ती डबी!

मामंजींनी डबी धुतली, तिथेच पायरीवर पूजा केली, आणि आत्याबाईंनी आणलेली भाकर खाऊन गोळी घेतली. मग भरल्या गर्दीत म्हणाले, "माझ्या सुनंनं निवडलेली चीज हाय! वाया जातीय व्हय?"

तेव्हापासून घाटावर कुणाचं काही पाण्यात पडलं की माणसं थेट आमच्या दारात येतात. मी ऐटीत यंत्र काढायला निघते, तर म्हणतात, "मशीन ऱ्हाऊ द्या, वहिनी. तुमी नुसत्या पाण्यात येऊन उभ्या ऱ्हावा!"